दंडारीचा ढोल आणि परीक्षकाची वही

आश्विनाची पौर्णिमा जवळ आली, की आदिलाबादच्या डोंगरपट्ट्यातील गोंड गावांत वर्षभर विसावलेली वाद्ये बाहेर निघतात. ढोल, दप्पू, तुडुम, पिप्री नावाची सनई आणि कालिकोम हे फुंकून वाजवावयाचे वाद्य ही सारी गावाच्या पटलाच्या, म्हणजे पाटलाच्या, घरी जपून ठेवलेली असतात. त्यांची पूजा होते, आणि मग दंडारीचे पथक गावाबाहेर पडते. हातात टिपऱ्या घेतलेले तरुण, स्त्रीवेषातील पोरिक आणि सर्वांच्या पुढे मोरपिसांचा भव्य मुकुट, कृत्रिम दाढी व अंगाला राख अशा वेषातील घुसाडी असा हा मेळा गावोगाव हिंडतो. दिवाळी उलटल्यावर कोलाबोडीचा विधी होईपर्यंत रानातल्या वाटा या ढोलांनी घुमत असतात.

विदर्भातील वाचकांना 'दंडार' हा शब्द परका नाही. झाडीपट्टीत तो एका नाट्यप्रकाराचे नाव आहे. आदिलाबाद, किनवट आणि यवतमाळ या सलग मुलखातील गोंडांची दंडारी मात्र वादकांच्या तालावर फेर धरून करावयाचे समूहनृत्य आहे. त्यात ताल चुकविणारा सर्वांना दिसतो, आणि ताल राखणाऱ्याचे नाव पुढच्या गावापर्यंत पोहोचते. अशा वादनात चढाओढ असणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की या चढाओढीत निवाडा कोणी करावयाचा आणि कशाच्या आधारावर? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे, आणि उत्तराबरोबर वादनही बदलले आहे.

जुन्या व्यवस्थेत निवाडा करणारे होते यजमान गाव. गोंड समाजात चार, पाच, सहा आणि सात देवांना मानणारे असे चार 'सगा' आहेत, आणि विवाह नेहमी दुसऱ्या सगात करावयाचा असतो. दंडारी एका गावाहून दुसऱ्या गावी जाते ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. त्या निमित्ताने सोयरिकी जुळतात, तरुण मुले पारखली जातात. पाहुणे रात्रभर वाजवतात आणि नाचतात; यजमान त्यांना जेवू घालतात. ढोल वाजविणारा मुलगा दमतो कधी, दमल्यावर चिडतो की हसतो, वडीलधाऱ्यांपुढे कसा वागतो, हे सारे त्या रात्री उघड होते. गुणांची बेरीज कोणी करीत नाही, क्रमांक लागत नाही, परंतु निकाल मात्र लागतो. आणि आज परीक्षक असलेले गाव उद्या स्वतःची दंडारी घेऊन दुसऱ्याच्या दारी उभे राहणार असते. निवाडा करणाराही वादकच असल्यामुळे त्या निवाड्यात कठोरपणा असला तरी परकेपणा नसतो.

या वादनाचा मराठीशी असलेला संबंध फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गोंडांचे वंशपरंपरागत भाट असलेले परधान हे किंगरीच्या साथीने देवांच्या व कुळांच्या कथा गातात. ते गातात गोंडीत. परंतु आदिलाबाद भागात त्यांच्या घरची बोली मराठी आहे. विधिप्रसंगी वाद्ये वाजविण्याचा मानही त्यांच्याकडे आहे. म्हणजे ज्या ढोलावर गोंडांचा देव जागा होतो, त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस घरी आपल्या मुलांशी मराठीत बोलत असतो.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना कुमराम भीम मारला गेला. जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी त्याने दिलेला तो लढा होता. त्याचा स्मृतिदिन आजही आश्विन पौर्णिमेलाच पाळतात, आणि दंडारीचे दिवसही त्याच सुमारास सुरू होतात. हा उठाव मोडल्यावर निजाम सरकारला गोंडांच्या दुःखाची चौकशी करणे भाग पडले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे आदिलाबादेत आले आणि मार्लवाई या गावी राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. त्यासाठी गोंडी भाषेची वाचने तयार झाली ती देवनागरी लिपीत. 'आदिलाबादचे राजगोंड' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोंडांचे देव, सगा, सण आणि नृत्ये यांचे तपशीलवार वर्णन आहे. गावकरी पाहत आलेल्या गोष्टी प्रथमच कागदावर उतरल्या. परंतु हायमेनडॉर्फ हे नोंद करणारे होते. कोणाची दंडारी सरस याची तुलना करण्यासाठी ते आले नव्हते.

क्रमांक लावणारा डोळा स्वातंत्र्यानंतर आला. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. देशाच्या कानाकोपऱ्यातील नर्तक राजधानीत एकत्र आणावेत, त्यांनी एकमेकांना पाहावे, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. मात्र महोत्सवात उत्कृष्ट पथकाची निवडही होऊ लागली. निवड आली, की तिचे निकष येतात. रात्रभर चालणारे नृत्य काही मिनिटांत बसवावे लागते. वादकांना मध्ये घेऊन धरलेला फेर उलगडून प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो. वेष एकसारखा असावा, हालचाल एकाच क्षणी व्हावी, शेवट टाळीवर यावा, या गोष्टी कोणी हुकूम न काढताही रूढ होतात.

याच सुमारास नकाशाही बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, तर त्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. २०१४ मध्ये तेलंगण झाले, आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. मार्लवाई आणि जोडेघाट ही दोन्ही गावे आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहेत. सोयरिकीने बांधलेली गावे अशी दोन राज्यांत विभागली गेली. स्पर्धेत पथक उतरते ते मात्र राज्याच्या नावाने. त्यामुळे ज्या दोन गावांच्या दंडाऱ्या एकमेकांकडे पाहुण्या म्हणून जात, त्या कागदावर दोन राज्यांच्या प्रतिस्पर्धी ठरू शकतात.

परीक्षणाने वादन कसे घडते आणि बिघडते, याची बारकाईने नोंदलेली कथा अमेरिकेत सापडते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेने १९२१ साली कॅन्सस सिटी येथे ढोल-बिगुल पथकांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. ही पथके लष्करी घडणीची होती. गणवेशाची तपासणी होई, राष्ट्रध्वजाला मानवंदना सक्तीची असे, आणि चालण्याची गतीही ठरवून दिलेली असे. परीक्षक हातात वही घेऊन वादकांच्या रांगांमधून फिरत. पथकाला आरंभी पूर्ण गुण मिळत; मग एखाद्याची काठी चुकीच्या क्षणी पडली, एखादे पाऊल रांगेबाहेर गेले, की प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापला जाई.

ही पद्धत वरवर पाहता अत्यंत न्याय्य वाटते. चूक मोजता येते, आणि मोजलेल्या गोष्टीवर वाद होत नाही. पण तिचा परिणाम असा, की कठीण रचना घेणाऱ्याला चुकण्याचा धोका अधिक, आणि सोपे वाजविणारा सुरक्षित. परीक्षकाचे कान काय चुकले ते ऐकण्यासाठी तयार झालेले. काय साधले ते नोंदविण्यास त्याच्या वहीत पुरेशी जागा नव्हती. अखेर पथकांनीच या व्यवस्थेविरुद्ध आवाज उठविला. १९७१ मध्ये काही प्रमुख पथके एकत्र आली आणि त्यांनी माजी सैनिकांच्या संघटनांपासून स्वतंत्र अशी स्वतःची संस्था उभारली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. गुण कापण्याची पद्धत १९८३ च्या हंगामानंतर बंद झाली, आणि साधलेल्या गोष्टींसाठी गुण वाढवीत जाण्याची पद्धत आली.

बदल तेथेच थांबला नाही. २००० पासून ठराविक स्वराच्या बिगुलांचा आग्रह सुटला, २००४ पासून ध्वनिवर्धकांना मुभा मिळाली, २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली. संचलनाचे नाट्य झाले. त्यात जुन्या मंडळींना हळहळ वाटली, तशी नव्या पिढीला मोकळीक वाटली. कोणाचे खरे, हा वाद तेथे आजही चालू आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. १९७२ नंतरचे नियम हे पथकांनी स्वतः चर्चा करून, मते देऊन बदलले. ते बरे ठरोत वा वाईट, ते वाजविणाऱ्यांचे नियम होते.

महाराष्ट्राने ढोलाची ही वाटचाल आपल्या परीने पाहिली आहे. लेझीम ही आखाड्यातून शाळेच्या पटांगणात आली आणि तेथून १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनापर्यंत पोहोचली. पुण्यातील गणेशोत्सवात ढोल-ताशांची पथके वाढली, मुलीही कमरेला ढोल बांधून उभ्या राहिल्या, स्पर्धा भरू लागल्या. ताल, शिस्त, वेष आणि एकजूट यांना गुण मिळू लागले. पुढे आणखी एक परीक्षक आला, तो म्हणजे कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आवाजाची पट्टी आखून दिली. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकांत तीसच सदस्य असावेत असा निर्बंध घातला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याच्या वादकांना न्यायालयापर्यंत जाऊन आपले म्हणणे मांडता आले. संघटना, वर्तमानपत्रे आणि वकील त्यांच्या हाताशी होते.

मार्लवाईच्या वादकांपाशी हे बळ नव्हते. तरीही तेथून एक माणूस असा निघाला, की ज्याने दंडारीला देशाच्या नजरेसमोर आणले. कनक राजू हे त्यांचे नाव. इंदिरा गांधी पंतप्रधान असताना त्यांनी घुसाडीचे पथक दिल्लीला नेले, आणि पुढे कित्येक वर्षे तरुणांना हे नृत्य शिकविले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज घुसाडीचे नाव हैदराबादेत वा दिल्लीत ओळखीचे आहे, यात त्यांचा वाटा मोठा आहे. रंगमंचाने दंडारीला फसविले, असे सरसकट म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ज्या मुलाने शहरात आपली भाषा लपविली असती, तो मोरपिसांचा मुकुट मिरवीत व्यासपीठावर चढला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण रंगमंचावर एक पेच उभा राहतो, आणि तो लष्करी ढोल-बिगुलांच्या स्पर्धेत कधी उद्भवला नव्हता. दंडारीच्या दिवसांत घुसाडी हा नट नसतो. तो व्रतस्थ असतो, स्नान करीत नाही, आणि त्याच्या अंगी देवाचा संचार मानला जातो. त्याच्या हातातील सोट्याचा स्पर्श झाला तर रोग बरा होतो, अशी श्रद्धा आहे. गावात लोक त्याच्यापुढे नमतात. तेथे देणारा तो असतो आणि घेणारे इतर. स्पर्धेत मात्र तोच घुसाडी परीक्षकासमोर उभा राहतो, आणि त्याच्या नावापुढे दहापैकी सात असा आकडा पडतो. शिवाय प्रेक्षकाचा डोळा मुकुटावर खिळत असल्याने घुसाडी पुढे येतो आणि ज्यांच्या तालावर सारे उभे आहे ते ढोल, तुडुम व पिप्री वाजविणारे मागे सरतात. ध्वनिमुद्रित ढोलावर नाचता येते असे एकदा आयोजकांना वाटले, तर परधानाच्या मुलाने पिप्री शिकण्याचे कारणच उरत नाही.

या पेचातून वाट नाही असे नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये रायपूर येथे भरलेल्या राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सवात विवाह, पीककापणी, सण अशा प्रसंगांनुसार स्पर्धेचे विभाग केले होते. नृत्य कोणत्या प्रसंगाचे आहे याची निदान दखल घेतली गेली. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेमार्फत दंडारीच्या पथकांना सणासाठी ठराविक रक्कम दिली जाते, हा त्याहूनही निराळा मार्ग आहे. त्यात कोणी पहिला नाही आणि कोणी शेवटचा नाही. ढोलाला नवे कातडे चढते, आणि पथक नेहमीप्रमाणे सोयऱ्यांच्या गावी निघते.

स्पर्धा व्हावयाच्याच असतील, तर अमेरिकेतील पथकांनी १९७२ मध्ये जे केले ते आदिलाबादेतही करता येण्यासारखे आहे. नियम कोणी करावेत याचा निर्णय आधी व्हावा. गोंडांची पटला, देवारी, कटोडा ही मानाची पदे आहेत. 'राय सेंटर' ही त्यांची पारंपरिक सभा आहे. कोणत्या हंगामात घुसाडीचा मुकुट चढवावा आणि कोणत्या वेळी चढवू नये, पिप्रीवाचून दंडारी मानावी की नाही, हे त्या सभेने सांगावे आणि परीक्षकाच्या वहीत ते पहिल्या पानावर असावे. परीक्षकांच्या रांगेत एक खुर्ची अशा माणसाला मिळावी, की ज्याने स्वतः ती वाट रात्रभर चालून पाहिली आहे.

कोलाबोडीनंतर वाद्ये पुन्हा पटलाच्या घरी जातात. त्या रात्री कोणत्या गावाने चांगले वाजविले याची चर्चा चुलीपाशी होतेच, आणि ती बरेचदा एखाद्या मुलीच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचते. पुढच्या आश्विनात जे गाव पाहुणे म्हणून येणार, त्याला तो निकाल ठाऊक असतो.