वर्गचर्चा, समाजशास्त्र-अध्यापनातील

समाजशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या सहभागातून संकल्पना उलगडण्याची पद्धती. कुटुंब, विवाह, जात, धर्म यांविषयीची मते घेऊनच विद्यार्थी वर्गात येतो. ही मते पुराव्याला लावून पाहणे हे चर्चेचे काम होय. मतांची नुसती देवाणघेवाण या पद्धतीत मोडत नाही.

या पद्धतीचा सैद्धांतिक आधार बहुधा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांच्या ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ (१९५९) या ग्रंथात शोधला जातो. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर कारणे त्याच्यात शोधता येतात. पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर अर्थव्यवस्थेकडेच पाहावे लागते, असा मिल्स यांचा युक्तिवाद आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकाची (२००६) सुरुवातही व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतील याच नात्याने होते.

चर्चेला सामग्री पुरवणाऱ्या गृहपाठांपैकी समाजशास्त्रज्ञ हॅरल्ड गार्फिंकल यांनी अमेरिकेत दिलेला गृहपाठ विशेष गाजला. विद्यार्थ्यांनी पंधरा मिनिटे ते एक तास स्वतःच्याच घरी पेइंग गेस्टसारखे वागायचे : अदबीने, बेताचे, विचारल्यावरच बोलायचे. घरचे गोंधळले, चिडले. बरे नाही का, कोणाशी भांडण झाले का, असे विचारू लागले. घरगुती वागण्यामागचे अलिखित नियम या चिडण्यातूनच उघड झाले. गार्फिंकल यांनी हा वृत्तांत १९६७ च्या ग्रंथात दिला आहे. घरच्यांना अंधारात ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले.

मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस शहराच्या प्रत्यक्ष पाहणीला अध्ययनाचा पाया मानत. १९२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या गो. स. घुर्ये यांच्या काळात पदव्युत्तर संशोधन बहरले. पाहणीचा हा आग्रह वर्गचर्चेलाही लागू पडतो : पाहणीतून आणलेली सामग्री समोर असली की चर्चेला धार येते. सामग्रीविना चर्चा लवकरच वक्तृत्वस्पर्धेच्या वळणावर जाते.

महाराष्ट्रातील वर्गात आडनावावरून जातीचा अंदाज बांधला जातो. त्यामुळे आरक्षणावरील चर्चेत काही विद्यार्थ्यांवर आपापल्या समाजाचे प्रवक्तेपण आपसूक येते, तर काही गप्प बसतात. शिक्षकाने जात-अनुभव वर्गात मांडायला लावावेत की नाही, याबद्दल मतभेद आहेत. अनुभव निनावी लिहून घेणे हा एक मध्यम मार्ग आहे.

मूल्यमापन : चर्चेतील सहभागाला सहसा अंतर्गत गुणांत स्थान मिळते.