मांडीवरून आसनावर

म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, आणि त्या दिवशी पेडणे, डिचोली व अवघ्या बार्देशातील माणूस म्हापशाकडे लोटतो. ह्या वाटांवरून मुले आजवर प्रवास करीत आली ती वडील माणसांच्या अंगाखांद्यावरून. बैलगाडीत ती आईच्या कुशीत असत. पोर्तुगीज अमदानीत ज्या प्रवासी गाडीला ‘कारेर’ म्हणत, तिच्यात ती मांडीवर बसली. पुढे स्कूटर आली, तेव्हा ती बापाच्या पुढ्यात उभी राहिली. आज दारात मोटार असली, तरी तान्ह्या मुलाची जागा बहुधा आईची अथवा आजीची मांडीच. ह्याचे कारण निष्काळजीपणा खचित नव्हे. मांडीहून सुरक्षित जागा जगात नाही, ही श्रद्धा त्याच्या मुळाशी आहे. बैलगाडीच्या वेगाला ती श्रद्धा खरी होती. मोटारीच्या वेगाला ती खरी राहिली नाही, हे उमगण्यास मात्र जगाला बराच काळ लागला.

मोटारीत मुलांसाठी वेगळी बैठक प्रथम अमेरिकेत, 1930 नंतरच्या दशकात, विकली जाऊ लागली. परंतु तिचा हेतू संरक्षणाचा नव्हता. मूल उंचावर बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे व त्याने चालवणाऱ्याला त्रास देऊ नये, एवढ्यासाठी ती बाकाच्या पाठीला आकड्यांनी अडकवीत. काही बैठकींना खेळण्यातले चक्रही जोडलेले असे. अपघात झाला, तर बैठक आणि मूल दोन्ही पुढे फेकली जात.

1959 मध्ये स्वीडनच्या नील्स बोलिन ह्या अभियंत्याने व्होल्व्हो कंपनीसाठी तीन ठिकाणी बांधणारा पट्टा सिद्ध केला. तो प्रौढांच्या देहाला अनुरूप होता. लहान मुलाच्या तो मानेवर व पोटावर येई. ही उणीव 1962 च्या सुमारास अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन व इंग्लंडात जीन एम्स ह्यांनी, संरक्षण हाच हेतू धरून, मुलांसाठी आसने रचून भरून काढण्याचा प्रयत्न केला. 1964 मध्ये स्वीडनचे बेर्टिल आल्डमान ह्यांनी गाडीच्या मागील बाजूस तोंड असलेले आसन सुचविले. अवकाशवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. तान्ह्याचे डोके देहाच्या मानाने जड व मान कोवळी असते. त्याचे तोंड मागे असले, म्हणजे आघात एका मानेवर न पडता सबंध पाठीवर वाटला जातो.

मांडी का पुरत नाही, हे साधे गणित सांगते. ताशी 50 किलोमीटर वेगाने धडकणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, अर्थात तिमजली घराच्या माथ्यावरून, पडणे होय. त्या वेगातील गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर 10 किलो वजनाचे मूल सुमारे 200 किलोच्या भाराने पुढे ओढले जाते. माया कितीही असली, तरी एवढा भार पेलणारे हात कोणत्याही मातेला लाभलेले नाहीत.

कायदा ह्या ज्ञानाच्या मागून आला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1978 पासून मुलांसाठी आसन सक्तीचे झाले. भारतात 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने अथवा बालआसनाने न बांधल्यास 1000 रुपये दंड ठरविला. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी संरक्षक पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हा नियम 2023 पासून लागू झाला.

आसन निवडताना वयापेक्षा मुलाचे वजन व उंची पाहावी. तान्ह्याचे तोंड, आसनाची मर्यादा संपेपर्यंत, मागेच ठेवावे. तसले आसन पुढील जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कदापि ठेवू नये. त्यानंतर पुढे तोंड असलेले व स्वतःचे पट्टे असलेले आसन, आणि त्याही पुढे गाडीचा पट्टा खांद्यावर व मांड्यांवर नीट येईल अशी उंच बैठक, हा क्रम होय. आसन बसविल्यावर हाताने हलवून पाहावे. ते बोटाच्या रुंदीहून अधिक सरकू नये. खांद्यावरील पट्टा चिमटीत धरता येण्याइतका सैल नसावा. परदेशातील नातलगाने दिलेले जुने आसन वापरण्यापूर्वी ते अपघातातून गेलेले नाही, ह्याची खात्री करावी व त्यावर छापलेली मुदत वाचावी. वैशाखात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतील धातूचे बक्कल मुलाला लावण्याआधी स्वतःच्या हाताला लावून पाहावे.

2023 च्या जानेवारीपासून मोपा येथे विमाने उतरू लागली, आणि पेडण्याहून म्हापशाकडे येणाऱ्या वाटेवर वाहने वेगाने धावू लागली. विमानतळावर नातवंडाला घ्यायला गेलेली आजी त्याला उराशी धरील, हे योग्यच आहे. गाडी सुरू होण्यापूर्वी मात्र तिने त्याला आसनात बसवून पट्टा आवळावा. मूल थोडे रडेल. घरी पोहोचल्यावर मांडी त्याची वाट पाहत असेलच.