संगोपनासाठी घरी आलेलं मूल: आरोग्याची काळजी आणि पालकांची भूमिका

सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या फ्लॅटमध्ये असो की विडी घरकुलातल्या लहानशा घरात, अनेक मुलं आजी, मावशी किंवा काकांकडे वाढतात. काहींना बाल कल्याण समिती दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवते. हे दत्तक नव्हे. याला प्रतिपालकत्व म्हणतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये त्याची तरतूद आहे.

ही लक्षणं ‘वाईट सवयी’ नसतात

- उशीखाली पोळी, बिस्किटं लपवणं
- अंथरुणात लघवी होणं
- झोप न लागणं, रात्री दचकून उठणं
- अचानक संताप किंवा पूर्ण अबोला
- कुणालाही लगेच बिलगणं

घर सुटलेल्या मुलाच्या मेंदूला धोका टळला, हे लगेच पटत नाही. त्यामुळे मारणं, टोमणे किंवा ‘परत पाठवीन’ ही धमकी त्रास वाढवते. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा ठरलेल्या ठेवा. खाऊचा एक डबा मुलाच्या हाताशी ठेवा. मुलाची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल, तर त्या भाषेतले चार शब्द शिकून घ्या.

लघवीवर ताबा आलेल्या मुलाला पुन्हा त्रास सुरू झाला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि मधुमेह तपासून घ्यावा.

पहिली तपासणी

मूल आल्यावर लवकरात लवकर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन, उंची, हिमोग्लोबिन, दात, दृष्टी आणि श्रवण तपासावं. लसीकरणाचं कार्ड हरवलं असेल, तरी राहिलेल्या लसी देता येतात. एखादा डोस पुन्हा दिला गेल्यास सहसा अपाय होत नाही. आई-वडिलांना क्षयरोग किंवा एचआयव्ही असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा, शेजाऱ्यांना नको. सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवा. मूल पुढे कुठेही गेलं तरी ती फाइल सोबत जावी.

शस्त्रक्रियेसाठी संमती कुणाची लागेल, हे समितीला आधीच विचारून लेखी घ्या. तातडीच्या वेळी मात्र आधी रुग्णालय गाठा.

मुलाच्या बाजूने बोला

शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वर्गशिक्षकांना गरजेपुरतंच सांगा. आई-वडिलांना भेटून आल्यावर मूल काही दिवस अस्वस्थ राहू शकतं. तेवढ्यावरून भेटी बंद करू नका. काय दिसतं ते तारखेसह लिहून समितीला दाखवा. निर्णयापूर्वी मुलाचं म्हणणं ऐकलं जावं, असा आग्रह धरा.

महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठीही चौकशी करावी. माहिती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मिळते.

तातडीने मदत कधी घ्यावी?

मूल मरण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा खाणं-पिणं सोडलं असेल, तर त्याला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास उलटतपासणी घेऊ नका. मूल सांगेल ते शांतपणे ऐका आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइन: १०९८.

मूल तुमच्याकडे सहा महिने राहो की सहा वर्षं, त्याच्या वतीने दवाखान्यात, शाळेत आणि समितीपुढे सातत्याने बोलणारं एक माणूस असणं, ही उपचारांइतकीच मोठी गरज आहे.