जुना टॅब झाला घरचा रिमोट : गावातल्या घरात बसवताना काय तपासावं?

शिरगाव (डिचोली) : ऑनलाइन शाळेच्या काळात, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, मुलांसाठी घेतलेला टॅब आज अनेक घरांत कपाटात पडून आहे. मुलं मोठी झाली, मोबाईल हातात आले, टॅब तसाच राहिला. हाच टॅब घरातल्या दिव्यांचा, पंख्यांचा, एसीचा रिमोट म्हणून वापरता येतो. काही घरांत तो भिंतीवर लावलेला दिसतो, काही घरांत आजी-आजोबांच्या उशाशी असतो.

हौस म्हणून हे ठीक आहे, पण गावाकडे त्याची खरी गरज वेगळी आहे. मुलं पणजी, पुणे, मुंबई नाहीतर आखातात आणि घरी दोघंच म्हातारी माणसं, अशी घरं पेडण्यापासून दोडामार्गापर्यंत आणि खानापूरपासून कारवारपर्यंत आहेत. रात्री बाथरूमला जाताना काळोखात बटण शोधायचं, पडवीतला दिवा बंद करायला उठायचं, गिझर राहिला का ते पाहायला पुन्हा जायचं. या वयात एकदा पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं आणि माणूस अंथरुणाला खिळतो. उशाशी ठेवलेल्या टॅबवरचं एक बटण ही फेरी वाचवू शकतं. मात्र ते बटण दर वेळी चाललं पाहिजे. दहातून दोनदा न चालणारा रिमोट म्हाताऱ्या माणसाला काहीच उपयोगाचा नाही. म्हणून टॅबपेक्षा त्याच्या मागची जोडणी कशी आहे, हे आधी बघायला हवं.

टॅब स्वतः काय करतो?

टॅब फक्त हुकूम देतो. काम करतो तो स्विचबोर्डाच्या आत बसवलेला छोटा रिले, स्मार्ट प्लग किंवा स्मार्ट बल्ब. टॅब आणि ही उपकरणं घरातल्या वायफायवरून एकमेकांशी बोलतात.

टीव्ही, एसी आणि बऱ्याच नव्या कमी विजेच्या पंख्यांचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो. टॅबमध्ये सहसा इन्फ्रारेड नसतो, म्हणून खोलीत एक छोटी डबी ठेवावी लागते. टॅब वायफायवरून डबीला सांगतो आणि डबी रिमोटसारखा इशारा सोडते. यात एक अडचण आहे. इन्फ्रारेड एकतर्फी असतं. एसी खरोखर चालू झाला की नाही, हे डबीला कळत नाही. टॅबवर ‘चालू’ दिसतं आणि एसी बंदच असतो, असं होऊ शकतं. बोर्डातल्या रिलेचं तसं नाही, तो आपली स्थिती परत कळवतो.

कल्पना नवी नाही. फिलिप्सने १९९८ मध्ये ‘प्रोंटो’ नावाचा टचस्क्रीनचा रिमोट आणला होता, पण तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरता राहिला. २०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ स्वस्त अँड्रॉइड टॅब आले आणि वेगळा महागडा रिमोट घ्यायची गरज संपली.

पहिली कसोटी : इंटरनेट तोडून बघा

बाजारातली पुष्कळ स्वस्त उपकरणं कंपनीच्या सर्व्हरवरून चालतात. तुम्ही शिरगावात पडवीच्या दिव्याचं बटण दाबता, तो हुकूम राउटरमधून बाहेर पडतो, दूरच्या सर्व्हरवर जातो आणि परत येऊन दिवा लावतो. पावसात फांदी पडून फायबर तुटली की दहा फुटांवरचा दिवा टॅबवरून लागत नाही.

दुसरा धोका कंपनीचाच. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचं घर-नियंत्रणाचं यंत्र नेस्ट कंपनीने विकत घेतलं आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातली चालू यंत्रं निरुपयोगी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. आपल्या घरातला दिवा परक्या कंपनीच्या मर्जीवर ठेवायचा नसेल, तर विकत घेतानाच विचारा : इंटरनेट नसताना हे घरातल्या घरात चालतं का?

तपासणं सोपं आहे. राउटर चालू ठेवा, फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा आणि टॅबवरचं बटण दाबा. दिवा लागला तर जोडणी घरातल्या घरात आहे. नाही लागला तर सगळं सर्व्हरवर अवलंबून आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकाची उपकरणं घरातल्या नेटवर्कवरच चालावीत अशी रचना आहे, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका ठिकाणी जोडता येतात. थोडी खटपट करायची तयारी असेल तर ‘होम असिस्टंट’ ही २०१३ पासून चालू असलेली मोफत प्रणाली आहे. ती रास्पबेरी पाय किंवा जुन्या संगणकावर बसते आणि टॅबवर साध्या ब्राउझरमध्ये उघडते. टॅब जुना असला आणि नवी ॲप्स घेत नसला, तरी पुष्कळदा ब्राउझरवर काम भागतं. पण फारच जुन्या टॅबचा ब्राउझरही अडतो, म्हणून आधी तेवढं उघडून बघावं.

दुसरी कसोटी : जत्रेला आलेला पाहुणा

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात श्री लईराईची जत्रा असते. घरं पाहुण्यांनी भरतात. पाहुण्याला तुमच्या टॅबचं काही माहीत नसतं. तो खोलीत आला की भिंतीवरचं बटण दाबणार आणि जाताना बंद करणार.

घरात स्मार्ट बल्ब असतील तर इथे घोळ होतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटते आणि तो टॅबवरून गायब होतो. रात्री आजीने टॅबवर कितीही दाबलं तरी दिवा लागत नाही. म्हणून कायम राहत्या घरात बल्बपेक्षा बोर्डाच्या आत बसणारा रिले बरा. त्यात जुनं बटणही चालतं आणि टॅबही चालतो. टॅब बिघडला, हरवला, चार्जिंग संपलं, तरी घर अडत नाही.

असा रिले बसवायला बोर्डात न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डात प्लगची सॉकेट आहे तिथे ती बहुधा असतेच. नुसती बटणं असलेल्या जुन्या बोर्डात कधी कधी नसते. डबी पुरेशी खोल आहे का तेही पाहावं लागतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. गोव्यात वीज खातं, सिंधुदुर्गात महावितरण आणि बेळगाव-कारवारकडे हेस्कॉम असा वीजपुरवठा वेगवेगळा असला, तरी घरातल्या वायरिंगची जबाबदारी घरमालकाचीच असते.

चिऱ्याच्या भिंती आणि वायफाय

कोकण-गोव्यातली जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. भिंत जाड, त्यात पावसाची ओल. राउटर पुढच्या खोलीत असेल तर न्हाणीघरापर्यंत वायफाय पोचत नाही. बहुतेक स्मार्ट उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ही लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून बरी जाते, पण दोन-तीन जाड भिंतींपुढे तीही थकते. राउटर घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवावा. तेवढ्याने भागत नसेल तर मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा. टॅब हातात घेऊन प्रत्येक खोलीत फिरावं आणि जिथे तो खरोखर वापरला जाणार आहे तिथे, म्हणजे खाटेवर, बसून तपासावं.

कुळागरातला किंवा बागायतीतला पंप घरापासून लांब असतो. तिथे वायफायचा हट्ट धरू नये. सिमकार्डवर चालणारा मोबाईल स्टार्टर हाच तिथला मार्ग.

गिझर आणि पंप : इथे घाई नको

दिवा चुकून लागला तर थोडी वीज जाते. गिझर किंवा पंप चुकून लागला तर नुकसान मोठं.

२,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा सुमारे १३. त्यामुळे ६ किंवा १० अँपिअरचा प्लग गिझरला लावू नये. १६ अँपिअरचा, आयएसआय चिन्ह असलेलाच घ्यावा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवावी. न्हाणीघराच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. टॅब असो वा नसो, तो हवाच.

पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. स्वस्त प्लगच्या आतला संपर्क त्याने वितळून चिकटतो. मग टॅबवर ‘बंद’ दिसतं आणि पंप चालूच राहतो. पंपासाठी प्लग नको. रिलेने कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने पंप. विहिरीचं पाणी मे महिन्यात खाली जातं, तेव्हा कोरड्या पंपाला आपोआप तोडणारं संरक्षण लावल्याशिवाय तो दुरून चालवू नये. इस्त्री, शेगडी, हीटर यांना टॅबवर आणूच नये.

लाईट गेली आणि आली, मग?

पावसाळ्यात लाईट जाणं-येणं नेहमीचंच. लाईट परत आली की रिले कोणत्या स्थितीत येणार, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं : चालू, बंद किंवा आधी होती तशी. गिझर आणि पंप यांना ‘बंद’ हीच स्थिती द्यावी. नाहीतर घर बंद असताना पहाटे तीनला वीज येईल आणि गिझर तापत बसेल.

घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्याच लाईनवर घ्यावा. दिवे इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या लाईनवर असेल, तर काळोख पडल्यावरच रिमोट बंद पडतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो.

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट असतो. त्या वेळी राउटर आणि टॅबचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या चार्जरमधून येते.

टॅबची बॅटरी

भिंतीवर कायम चार्जिंगला लावलेला टॅब हा धोक्याचा भाग आहे. लिथियम बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की फुगते. टॅबची पाठ उचललेली दिसली, पडदा कडेने सुटू लागला, तर चार्जिंग लगेच थांबवावं आणि तो वापरातून काढावा. टोचून किंवा दाबून बघू नये, कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा म्हणून द्यावा. नव्या टॅबमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी. जुन्यात नसेल तर चार्जर एका स्मार्ट प्लगवर लावून दिवसाला दोन तासच वीज द्यावी. ऊन येणाऱ्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा उशीखाली टॅब ठेवू नये.

पडद्यावर सहाच बटणं

घरातल्या कर्त्याला वीस बटणं आवडतात, आजीला सहा पुरतात. खाटेजवळचा दिवा, न्हाणीघर, पडवी, पंखा, गिझर आणि ‘सगळं बंद’. अक्षरं मोठी आणि नावं मराठीत लिहावीत. बहुतेक ॲपमध्ये देवनागरीत नाव देता येतं. अँड्रॉइडमध्ये ‘स्क्रीन पिनिंग’ची सोय आहे. ती लावली की चुकून बोट लागून भलतंच ॲप उघडत नाही. पडद्याचा प्रकाश रात्री मंद ठेवावा.

बाहेरगावच्या मुलांसाठी

दुबईतून किंवा पुण्यातून घरचा दिवा पाहता येतो, ही सोय जपून वापरावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. यूट्यूबवर पाहून राउटरचे पोर्ट उघडू नयेत, त्याऐवजी व्हीपीएन वापरावं. जुन्या टॅबला सुरक्षेचे अपडेट येत नसतात, म्हणून तो आधी फॅक्टरी रीसेट करावा आणि त्यावर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप ठेवू नये.

आई-वडिलांच्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर त्यांना विचारूनच. काळजी आणि पाळत यांतला फरक त्यांना लगेच कळतो. सकाळी न्हाणीघराचा दिवा लागला, एवढं कळलं तरी मुलांना आई उठल्याचं समजतं. त्याला कॅमेरा लागत नाही.

वीज वाचते का?

प्रत्येक रिले किंवा प्लग स्वतः साधारण १ वॅट खातो. अशी १० उपकरणं आणि १० वॅटचा राउटर धरला तर महिन्याला सुमारे १४ युनिट होतात. विसरलेला गिझर आणि रात्रभर चालणारा एसी आवरला तर ती भरून निघतात. नुसते एलईडी दिवे बंद करून भरून निघत नाहीत. विकणारा बिल निम्मं होईल म्हणाला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

सुरुवात एका दिव्यापासून करावी. रात्री ज्या वाटेने म्हातारं माणूस चालतं, त्या वाटेवरचा दिवा आधी जोडावा. एक पावसाळा तो नीट चालला, लाईट गेली-आली, पाहुणे येऊन गेले, आणि तरीही कुणाला मुलांना फोन करून ‘हे कसं लावायचं?’ विचारावं लागलं नाही, तर पुढचा दिवा जोडावा.