विकिलिक्स आणि मानवी हक्क संघटना : नावे उघड करण्याचा वाद

अन्यायाची माहिती दडपली जाऊ नये, याबद्दल मानवी हक्कांचे काम करणाऱ्या सगळ्यांचे एकमत असते. वाद होतो तो त्या माहितीत आलेल्या माणसांच्या नावांवरून. २०१० साली विकिलिक्स ही स्वतंत्र वेबसाइट आणि ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसह काही संघटना यांच्यात असा वाद झाला. अत्याचाराच्या घटनांची माहिती गोळा करणाऱ्या आणि ती मोबाइलवरून पुढे पाठवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी तो समजून घ्यायला हवा.

आधी पुरस्कार, मग वाद

केनियात पोलिसांनी केलेल्या बेकायदा हत्यांबद्दल तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने अहवाल तयार केला होता. विकिलिक्सने तो जगासमोर आणला. या कामासाठी ॲम्नेस्टीच्या ब्रिटनमधील शाखेने २००९ मध्ये विकिलिक्सला माध्यम पुरस्कार दिला.

२५ जुलै २०१० रोजी विकिलिक्सने अफगाणिस्तान युद्धातील अमेरिकी लष्कराच्या सुमारे ७५ हजार नोंदी प्रसिद्ध केल्या. सामान्य नागरिकांच्या मृत्यूच्या, पूर्वी जाहीर न झालेल्या अनेक घटना त्यात होत्या. सुमारे १५ हजार नोंदी तपासणीसाठी मागे ठेवल्या होत्या. तरीही प्रसिद्ध झालेल्या कागदांत परदेशी सैन्याला माहिती देणाऱ्या अफगाण लोकांची नावे राहून गेली. ही कागदपत्रे तपासून खबऱ्यांना शिक्षा करू, असे तालिबानच्या प्रवक्त्याने जाहीर केले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

ऑगस्टमध्ये ॲम्नेस्टी, अफगाणिस्तानचा स्वतंत्र मानवी हक्क आयोग आणि आणखी तीन संस्थांनी विकिलिक्सकडे मागणी केली, की नागरिकांची नावे काढून टाका. त्यावर संस्थापक ज्युलियन असांज यांनी विचारले, हजारो पाने तपासायला ॲम्नेस्टी माणसे देणार का? ॲम्नेस्टीने थेट नकार दिला नाही. आपलीही साधने मर्यादित आहेत, पण फोनवर बोलू, असे सुचवले. तेव्हा, तुम्ही मदत करत नाही हे आम्ही जाहीर करू, असा इशारा असांज यांनी दिला. १२ ऑगस्टला पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सनेही खुले पत्र लिहून विकिलिक्सवर बेजबाबदारपणाचा ठपका ठेवला.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. छोट्या वेबसाइटकडे माणसे नसतात, आणि उशीर झाला की सत्य दाबले जाण्याची भीती असते. संघटनांचा संबंध मात्र गावात राहणाऱ्या साक्षीदाराशी येतो. नाव बाहेर आले तर बळी त्याचा जातो. मात्र नावे तपासायची कोणी, यावर पत्रापत्री चालू असताना ज्यांची नावे छापली गेली त्या गावकऱ्यांना कोणीच विचारले नव्हते.

पुढे काय झाले

ऑक्टोबर २०१० मध्ये इराक युद्धाच्या सुमारे ३ लाख ९२ हजार नोंदी आल्या, तेव्हा विकिलिक्सने नावे मोठ्या प्रमाणावर झाकली. इराकमधील मृत्यूंची मोजणी करणाऱ्या इराक बॉडी काउंट या गटाने या नोंदींवरून पूर्वी न नोंदलेल्या सुमारे १५ हजार नागरिकांच्या मृत्यूंचा अंदाज मांडला. नावे झाकली म्हणून सत्याची धार कमी झाली नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये मात्र अमेरिकी दूतावासांचे अडीच लाखांहून अधिक संदेश नावांसकट खुले झाले. संरक्षित प्रतीचा पासवर्ड गार्डियनच्या पत्रकारांच्या पुस्तकात छापला गेल्याचा दोष विकिलिक्सने दिला. गार्डियनने तो नाकारला आणि इतर काही माध्यमांसह विकिलिक्सचा निषेध केला. त्याच महिन्यात इथिओपियातील पत्रकार अर्गाव अशिने यांना देश सोडावा लागला. एका संदेशात त्यांचे नाव होते आणि त्यावरून अधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी केली होती.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१३ मध्ये चेल्सी मॅनिंग यांच्या खटल्यात अमेरिकी लष्कराच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली, की अफगाण नोंदींमुळे कोणाचा जीव गेल्याचे ठोस उदाहरण आढळले नाही. ॲम्नेस्टीनेही पुढे असांज यांना अमेरिकेच्या ताब्यात देण्यास विरोध केला.

आपल्या चळवळीसाठी

बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले, कारण आपली बाजू मांडायला आपल्याकडे पत्र नव्हते. २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाकडे मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला पाठ फिरवली, तेव्हा सत्यशोधन अहवाल आणि कार्यकर्त्यांनीच ते बाहेर आणले. म्हणून आपली स्वतंत्र माध्यमे हवीतच. पण गावात साक्षीदाराचे घर, शेत आणि मजुरी बहुतेक वेळा आरोपींच्याच शेजारी असते. आपण टाकलेला व्हिडिओ प्रथम त्यांच्या मोबाइलवर पोहोचतो.

कायद्यातही याचा विचार आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. पीडित व साक्षीदारांना धमकी आणि दबावापासून संरक्षण देणे हे त्यानुसार शासनाचे कर्तव्य आहे. साक्षीदारांची नावे व पत्ते गुप्त ठेवण्याचा आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पीडिता हयात नसली तरी तिची ओळख सर्रास उघड करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले.

सत्यशोधन समिती आणि वेबसाइट यांनी घटनास्थळी जाण्याआधीच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. नाव छापायचे का, हे त्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून विचारावे. संमती दिल्यानंतर तिने विचार बदलला तर तो मान्य करावा. मूळ नोंद वकिलाकडे सुरक्षित ठेवावी आणि प्रसिद्धीसाठी नावे, चेहरे, वस्तीच्या खुणा झाकलेली प्रत वेगळी करावी. ही तपासणी कोण करणार, त्याचे नावही आधीच ठरवावे. ॲम्नेस्टी आणि विकिलिक्स यांचे घोडे नेमके इथेच अडले होते.

अभयराजकुमार सुत्तात भगवान बुद्ध सांगतात, की तथागत सत्य आणि हितकारक तेच बोलतात, आणि तेही योग्य वेळ जाणून. पोस्ट टाकण्यापूर्वी आपणही हेच तीन प्रश्न विचारावेत : हे खरे आहे का, पीडिताच्या हिताचे आहे का, आणि आत्ताच सांगायचे का?