बंदुकीसाठी शोधलेले पोलाद

दिवाळीचा फराळ आमच्या घरी ज्या डब्यांत भरला जातो ते सारे स्टेनलेस स्टीलचे आहेत. आजीच्या वेळी ते पितळेचे होते आणि कल्हईवाला दारावर आला की तिचा अर्धा दिवस त्याच्याशी हुज्जत घालण्यात जाई. या चकचकीत डब्यांचा आणि शिकारीच्या रायफलीचा जन्म एकाच घरातला आहे, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. पण मला ते शिकावे लागले, आणि तेही फजिती होऊन.

झाले असे की, माझ्या एका कादंबरीत १९५२ सालचा एक जमीनदार शिकारी आहे. त्याच्या हाती मी ‘चांदीसारखी लखलखणारी स्टेनलेस रायफल’ दिली. पुस्तक कोकणात मामाकडे गेले. मामाकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची जुनी एकनळी बंदूक आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, तेव्हापासून तिचे काम हवेत बार काढण्यापुरतेच; पण दर खंडेनवमीला तिची पूजा होते आणि पावसाळ्यात तर दर आठवड्याला तिला तेलाचा हात फिरतो. मामाने पुस्तक मिटले आणि म्हणाला, “मास्तर ना रे तू? अशी रायफल त्या साली दुकानात तरी होती का?”

मी शोधू लागलो. मामाचे खरे होते. पण त्यामागची हकीकत माझ्या कादंबरीहून रंजक निघाली.

इंग्लंडात शेफिल्ड हे पोलादाचे गाव. तेथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. बाप भट्टीवरचा कामगार. याने बाराव्या वर्षीच शाळा सोडलेली, प्रयोगशाळेत बाटल्या धूत धूत वर चढलेला. (मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला अशा माणसाविषयी अंमळ जास्तच जिव्हाळा वाटतो.) १९१२ साली त्याच्यापुढे एक अडचण आली. रायफलीच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. स्फोटाची उष्णता आणि वायूंचा झोत यांनी नळीचे पोट खरवडले जाई. म्हणून त्याने पोलादात क्रोमियम मिसळून पाहिले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या घाण्यात शेकडा १२.८ क्रोमियम होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी अशा नमुन्यांवर तेजाब घालावे लागते. पण तेजाब त्याला खाईना. मग ब्रिअर्लीने व्हिनेगर आणि लिंबाचा रसही लावून पाहिला. पोलाद जसेच्या तसे! शेफिल्ड हे सुऱ्याकाट्यांचेही गाव. त्याच्या डोक्यात बंदूक मागे पडली आणि जेवणाचे टेबल पुढे आले.

पहिल्या सुऱ्या घडवताना कारागीर वैतागले, कारण या पोलादाची तापवण्याची रीतच वेगळी. मालकांनाही त्यात रस वाटेना. पुढे हक्कांवरून त्यांच्याशी बिनसले आणि ब्रिअर्लीने ती नोकरी सोडली. महायुद्धात या पोलादाचे विमानांच्या इंजिनांत उपयोग झाले. पण ज्या नळीसाठी खटपट होती, तिच्यात ते तेव्हा गेलेच नाही. ते गेले सुऱ्यांत, भांड्यांत आणि पुढे आमच्या फराळाच्या डब्यांत.

खरे पाहता बंदुकीला त्याची किती गरज होती! त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की नळीत त्याचा क्षार उरे. क्षार म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतील ओल ओढून घेई आणि एका रात्रीत नळी गंजे. म्हणून सैनिक उकळते पाणी ओतून नळी धूत. बाहेरून निळसर काळी झिलई चढवीत. तीही मुळात ताब्यात ठेवलेला गंजच. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या विन्चेस्टर कंपनीने काही रायफलींना स्टेनलेस नळ्या दिल्या, परंतु तो अपवाद. हे पोलाद महाग, कापायला चिवट, आणि नेहमीची काळी झिलई धरत नाही. चमकणारी नळी घेऊन रानात शिरणे म्हणजे सावजाला आगाऊ वर्दी देणे, हेही शिकाऱ्यांच्या मनात असे.

सबंध स्टेनलेसचे पहिले रिव्हॉल्व्हर अमेरिकेत १९६५ साली निघाले. शिकारीच्या रायफलींत ही चाल रुळायला आणखी वीसेक वर्षे गेली. रूगर कंपनीची एम-७७ ही रायफल १९६८ साली आली ती काळ्या नळीची आणि अक्रोडी दस्त्याची. १९९०च्या सुमारास तिची सुधारलेली ‘मार्क टू’ आवृत्ती स्टेनलेसमध्ये मिळू लागली. चमक मारून करडी केलेली, आणि लाकडाऐवजी काळ्या प्लास्टिकचा दस्ता. तो इतका बेढब, की अमेरिकन शिकारी त्याला ‘नावेचे वल्हे’ म्हणू लागले. पण अलास्काच्या पावसात लाकूड फुगते आणि गोळीचा नेम हलतो. हे वल्हे फुगत नसे. या रायफलीचा गाभा, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो भाग, मेणाचा नमुना वितळवून ओतलेला. आपले मूर्तिकार पंचधातूच्या मूर्ती ओततात, तीच युक्ती!

२००६ साली तिची जागा ‘हॉकआय’ने घेतली. गाभा तोच, दस्ता सडपातळ आणि चाप बराच हलका. जुन्या मार्क टूचा चाप जड म्हणून लोक कुरकुरत. ती कुरकुर मिटली. माझ्या मते या दोघींत नवी सरस. पण २०१२ साली त्याच घरातून ‘अमेरिकन’ नावाची जवळपास निम्म्या किमतीची रायफल आली, तेथे मात्र मी अडखळतो. तिचा बोल्ट कमी उचलावा लागतो आणि नेमाला ती पक्की म्हणतात. परंतु मार्क टूच्या बोल्टावरचा तो लांब पंजा तिच्यात नाही. हा पंजा जर्मनीच्या माउझरने १८९८च्या रायफलीत रूढ केला. काडतूस पेटीतून वर येताच पंजा त्याला पकडतो आणि नळीत पोचेपर्यंत सोडत नाही. पंजा नसेल तर बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो. समोर अस्वल आणि घाबरून हात अर्ध्यावर मागे आला, तर एकामागे दुसरे काडतूस घुसून सारेच अडकते. विन्चेस्टरने १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी आपल्या मॉडेल ७०चा पंजा काढला, तेव्हा गिऱ्हाइके इतकी चिडली की जुन्या रायफलींचे भाव चढले आणि १९९२च्या सुमारास कंपनीला तो पुन्हा बसवावा लागला. हरणासाठी पंजा हवाच असे नाही; पण अस्वलाच्या मुलुखात मी जुनीच घेईन. (मी उंदरावरही कधी नेम धरलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

आणि गंज? आमच्या शाळेच्या पुस्तकात याला ‘निष्कलंक पोलाद’ म्हटले आहे. नाव जरा उदारच झाले. क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा त्याला राखतो, आणि मीठ तो पापुद्रा फोडते. त्यातून नळीच्या पोलादात कापायला सोपे जावे म्हणून बहुधा गंधक घातलेले असते. त्याने राखण आणखी कमी होते. स्टेनलेस आहे म्हणून न पुसता ठेवलेल्या रायफलींचा दस्ता काढला, की खाली पाणी साचलेल्या जागी तांबूस ठिपके सापडतात.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीत मी चूक दुरुस्त केली. काळी नळी, अक्रोडी दस्ता, सारे यथास्थित. प्रत घेऊन यंदा मामाकडे गेलो. ओटीवर बसून त्याने ते पान काढले, चष्मा पुसला, वाचले, आणि माझ्याकडे बघत राहिला.

“आता काय चुकले?” मी विचारले.

“तुझा शिकारी पावसात भिजून घरी येतो,” मामा म्हणाला, “आणि रायफल कोपऱ्यात ठेवून थेट जेवायला बसतो?”