आकडा लावणाऱ्यांचा आकडा

जुगार खेळणारे किती, हा प्रश्न तसा सोपा. पण जुगार सुटतच नाही असे किती? इथे घोडं अडतं. का अडतं, ते मुंबईच्या इतिहासात सापडतं.

मुंबईचा आकडा मुळात कापसावरचा. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते-बंद भाव तारेने इथे यायचे आणि त्यावर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. लगेच १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीचा मटका काढला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. कापसाच्या जागी पत्ते आले, एवढंच. गिरणी कामगार हे मोठं गिऱ्हाईक.

१८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हे सगळं बेकायदा. त्यामुळे पोलिसांनी धाडी मोजल्या. १९६९ मध्ये राज्य सरकारने स्वतःची लॉटरी काढली. तिथे महसूल मोजला. पण ज्याचा पगार घरी पोचायच्या आत संपायचा, त्याच्यासाठी रकानाच नव्हता. टेबलच बनवलं नाही, तर क्वेरी मारून काय मिळणार?

बरं, मोजता येत नाही असंही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्येच याला आजारांच्या यादीत घेतलं. १९८७ मध्ये प्रश्नांची चाचणी आली: हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा जाता का, वगैरे. ब्रिटनच्या २०१० च्या पाहणीत ०.९ टक्के प्रौढ अडकलेले निघाले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाबद्दलचा अंदाज १.२ टक्के.

आपल्याकडे २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. तेव्हाचा सरकारी अंदाज असा की ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये हरतात. भागाकार करून बघा... माणशी साडेचारशेसुद्धा नाहीत! म्हणजे एक पिझ्झा. सरासरीची हीच गोची आहे. कोणी पन्नास रुपये हरतो, कोणी राहतं घर.

१.२ टक्के किरकोळ वाटतात? आमच्या करंजाड्यातल्या एका बिल्डिंगमध्ये चाळीसेक मोठी माणसं धरा. तोच दर लावला तर दर दोन बिल्डिंगांमागे एक माणूस, आणि त्याच्यामागे त्याचं घर.

१९६१ मध्ये भाव थांबले, सवय नाही थांबली. वर्षभरात तिला नवं दुकान मिळालं. दुकानं मोजून झाली असतील, तर आता माणसं मोजूया.